आठही दिवे लागले होते

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला नातेवाइकांत एक विशेष मान असतो. कुणाच्या घरची बेल बिघडली, मिक्सर अडला, वायफाय येईनासे झाले, की "त्यांना विचारा, ते खात्यात होते," असे म्हणून लोक मोकळे होतात. मी आयुष्यभर केबलचे काम केले. रस्त्यावरच्या खड्ड्यात बसून शिशाच्या आवरणातल्या तारा जोडणाऱ्या जॉइंटरांशेजारी भर पावसात छत्री धरून उभा राहिलो. मिक्सरशी माझा संबंध चटणीपुरताच. पण हे सांगून कुणाला पटत नाही, आणि खरे सांगायचे तर निवृत्तीनंतर कुणी बोलावले की बरेही वाटते.

२०२३ सालचा गणेशोत्सव. घरोघरी गौरी जेवत होत्या त्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबरला, संध्याकाळी भाचीचा फोन आला.

"मामा, उद्या ऑफिसात येऊन जाल का? आमचं नेटवर्क इतकं हळू झालंय की रडू येतं."

भाची चार्टर्ड अकाउंटंट आहे. सासऱ्यांनी सुरू केलेले नारायण पेठेतले ऑफिस तीच आता चालवते. जिथे पूर्वी वाडा होता तिथे उभ्या राहिलेल्या तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर हे ऑफिस आहे. माणसे अकरा, कॉम्प्युटर दहा. आता ज्यांच्या घरात कुणी ह्या धंद्यात आहे, त्यांना सप्टेंबर महिना म्हणजे काय हे सांगायला नको. मोठ्या व्यापाऱ्यांच्या हिशेबतपासणीचे अहवाल ३० सप्टेंबरच्या आत सरकारात दाखल व्हावे लागतात. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आली होती २८ला. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या आसपास राहणारा माणूस घराबाहेर पडला तर परत कधी येईल हे गजाननालाच ठाऊक. तेव्हा तारीख ३० असली तरी भाचीच्या हातात खरे दिवस उरले होते चारच.

शनिवारी सकाळी मी चष्मा, स्क्रू-ड्रायव्हर आणि कुतूहल घेऊन हजर झालो. भाची मामा म्हणते म्हणून ऑफिसातले सगळेच मला मामा म्हणू लागले. मराठीत त्या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे, आणि संध्याकाळपर्यंत तोच खरा ठरणार होता; पण ते पुढे.

कुठल्याही दुखण्यावर घरातल्या प्रत्येकाचे निदान तयार असते, तसे इथेही होते. देखभालीला येणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याचे म्हणणे, सर्व्हर म्हातारा झाला, नवा घ्या. त्याने १ लाख ४० हजारांचा अंदाजही लिहून दिला होता. भाचीच्या यजमानांचे म्हणणे, इंटरनेट कमी पडते. त्यांनी महिन्यापूर्वीच १००चा वेग ३००वर नेला होता. पैसे वाढले, वेग होता तिथेच राहिला. आर्टिकलची मुले, म्हणजे सी. ए.च्या परीक्षेआधी उमेदवारी करणारी पोरे, सगळा दोष अँटिव्हायरसवर टाकत होती. आणि भाचीने मला केबिनमध्ये नेऊन, दार लोटून, आवाज उतरवून आपले निदान सांगितले.

"खरं सांगू का मामा, नेटवर्क सगळ्यांचंच थोडं कुरकुरतं. पण मुख्य प्रश्न बाईंचा आहे. त्यांना आता झेपत नाही."

बाई म्हणजे ऑफिसातल्या सर्वांत जुन्या सहायिका. वय चोपन्न-पंचावन्न. बावीस वर्षांपूर्वी भाचीच्या सासऱ्यांनी त्यांना ठेवले. किर्द-खतावणीच्या लाल चोपड्यांवरून टॅलीवर आल्या. व्हॅट आला तेव्हा तो शिकल्या, जीएसटी आला तेव्हा तोही. कुणाचा ताळेबंद कुठे अडेल हे त्यांना तोंडपाठ. पण गेले चार महिने असे झाले होते, की पोरे ज्या अशिलाची फाइल दोन मिनिटांत उघडून काम सुरू करत, तीच उघडायला बाईंना वीस मिनिटे लागत. मध्येच पडदा गोठे. अर्धी नोंद गेली की पुन्हा पहिल्यापासून. बाई सकाळी आठला येऊ लागल्या, रात्री व्हाउचरांचे गठ्ठे घरी नेऊ लागल्या, तरी मागे पडतच राहिल्या. पोरांनी त्यांना काय नाव ठेवले होते ते मी इथे लिहीत नाही.

"सासऱ्यांच्या वेळच्या आहेत, काढून कसं टाकणार?" भाची म्हणाली. "मी ठरवलंय, दिवाळीनंतर त्यांना फोन आणि टपाल द्यायचं. पगार तोच. चौदा फाइली आत्ताच मुलांकडे देते. त्यांना अजून बोलले नाही."

पगार तोच! बावीस वर्षे ताळेबंद जुळवणाऱ्या बाईला फोनवर बसवायचे आणि पगार तोच म्हणायचे! मी काही बोललो नाही. दुसऱ्याच्या ऑफिसात मामाने किती बोलावे?

पहिले काम मी केले ते दोन तक्रारी वेगळ्या करण्याचे. लोक इंटरनेट आणि नेटवर्क हे एकच समजतात. इंटरनेट म्हणजे गावाबाहेरून येणारे पाणी. ऑफिसचे नेटवर्क म्हणजे घरातले नळ. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरची एक तार केबिनमागच्या कपाटातल्या 'स्विच' नावाच्या पेटीत येते; सर्व्हरचीही येते. बाईंनी सर्व्हरवरची फाइल उघडली की ती तारेने स्विचपर्यंत, आणि तिथून दुसऱ्या तारेने बाईंपर्यंत जाते. ह्या प्रवासात इंटरनेटचा संबंधच येत नाही. तेव्हा गावाबाहेरची मोरी १००ची ३०० केली काय आणि ३०००ची केली काय, स्वयंपाकघरातला नळ तसाच ठिबकणार.

इंटरनेटच्या तक्रारीचा उलगडा त्याच दुपारी झाला. रोज चारच्या सुमारास सगळ्यांचे इंटरनेट मंदावत असे. पाहतो तो बरोबर चारच्या ठोक्याला सर्व्हर आपल्या सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या साठवणीकडे पाठवू लागे. बाहेर जाणारा रस्ता असा भरून गेला, की आत येणाऱ्या गाडीची पोचपावतीसुद्धा वेळेवर जात नाही, आणि पोचपावती गेली नाही तर पुढचा माल येत नाही. ती वेळ बदलून रात्री अकरा केली. काम पाच मिनिटांचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, भाचीने उकडीचे मोदक खाऊ घातले, आणि मी विजयी वीराच्या थाटात निघालो.

दाराशी चपला घालत असताना बाई मागून आल्या. दिवसभरात मी प्रत्येक कॉम्प्युटरपाशी बसलो होतो, पण बाईंशी एक शब्द बोललो नव्हतो.

"मामा, एक विचारू? माझं अजून तसंच आहे." जरा थांबून त्या म्हणाल्या, "मी खिडकीपाशी बसत होते ना, तोवर हे असं होत नव्हतं. मेमध्ये रंगकाम झालं, मला आतल्या बाजूला बसवलं, तेव्हापासून सुरू झालं. मी सांगितलं होतं. पण सगळे म्हणाले, जागेचा काय संबंध?"

मी चपला घालून तसाच उभा राहिलो. आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिला धडा दिला जाई तो हा, की तक्रार करणाऱ्याला विचारा, कधीपासून? त्याच्या आदल्या दिवशी काय बदलले? साठ टक्के काम तिथेच होते असे आमचे जुने साहेब म्हणत. आणि मी, खात्यात जन्म घालवलेला माणूस, दहा कॉम्प्युटरांना विचारून आलो, पण ज्या बाईला दुखत होते तिला विचारले नाही. मामा बनलो तो असा.

रविवारी ऑफिस बंद. भाची, मी, बाई (त्या आपणहून आल्या), आणि मदतीला एक आर्टिकल. खाली रस्त्यावर ढोलपथकाचा सराव चालला होता, त्यामुळे एकमेकांशी बोलताना ओरडावे लागे.

मी प्रथम मोजमाप घेतले. 'हळू' हा काही आकडा नव्हे. एक गिगाबाइटची, म्हणजे सुमारे शंभर कोटी अक्षरांची, एक फाइल सर्व्हरवर ठेवली आणि घड्याळ लावून ती एकेका कॉम्प्युटरवर उतरवली. हिशेब सोपा आहे. आजकालची साधी जोडणी सेकंदाला शंभर कोटी बिट वाहून नेते. आठ बिटांचे एक अक्षर. म्हणजे आदर्श परिस्थितीत ही फाइल आठ सेकंदांत यावी. पोरांच्या टेबलांवर ती बारा-तेरा सेकंदांत आली. फारच छान. बाईंच्या टेबलावर लागली सतरा मिनिटे.

त्या आर्टिकलने एक गोष्ट दाखवली. बाकीच्यांच्या कॉम्प्युटरवर जोडणीचा वेग १००० दाखवत होता, बाईंच्या कॉम्प्युटरवर १००. ह्या यंत्रांचे असे असते, की तार जोडल्याबरोबर दोन्ही टोके आपसांत बोलणी करतात, अगदी लग्नाच्या याद्यांसारखी. हजार जमतील का? नाही जमत? मग शंभरावर तडजोड. म्हणजे इथे काहीतरी जमले नव्हते. पण शंभरच्या वेगानेही ती फाइल दीड मिनिटात यायला हवी. दहापट हळू असते तर मी समजलो असतो. ही ऐंशीपट होती. तडजोड झाल्यावरही संसार नीट चालला नव्हता.

मग अदलाबदल. बाईंचा कॉम्प्युटर उचलून एका पोराच्या टेबलावर नेला, पोराचा बाईंच्या टेबलावर. तारा जागच्या जागी. बाईंचा 'म्हातारा' कॉम्प्युटर पोराच्या जागी तेरा सेकंदांत मोकळा झाला! आणि पोराचा तरणाबांड कॉम्प्युटर बाईंच्या जागी येताच धापा टाकू लागला. भाची बघतच राहिली. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात जमिनीखालून पाणी आणले, तेव्हा त्या नळाला वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. पाणी कुठे अडले हे पाहायचे तर सगळा नळ खणावा लागत नाही; एका उच्छ्वासात पाणी आहे आणि पुढच्यात नाही, म्हणजे अडचण ह्या दोहोंमध्ये. केबलचा बिघाड शोधण्याची रीत हीच. स्विचमधली बाईंची तार काढून दुसऱ्या भोकात घातली; फरक नाही. मग आर्टिकलने आणलेली एक लांबलचक तयार तार स्विचपासून थेट बाईंच्या टेबलापर्यंत जमिनीवरून टाकली. फाइल तेरा सेकंदांत. म्हणजे कॉम्प्युटर चांगला, स्विच चांगला, सर्व्हर चांगला, बाई तर चांगल्याच. दोष भिंतीतून जाणाऱ्या तारेत. ही तार मे महिन्यात नवी टाकली होती; माळ्यावरून वळसा घालून गेलेली, चांगली पस्तीस मीटर.

ती टाकणाऱ्या वायरमनला भाचीने फोन केला. बिचारा मंडळाचे लायटिंगचे काम सोडून अर्ध्या तासात आला. पंचविशीचा, हसतमुख. तपकीर गल्लीत मिळणारा तो छोटा टेस्टर त्याच्या खिशातच होता. टेस्टरचा एक भाग तारेच्या ह्या टोकाला, दुसरा त्या टोकाला. एक, दोन, तीन, चार... दोन्हीकडे क्रमाने दिवे लागत गेले.

"बघा काका, आठही दिवे लागतात. लाइन ओके आहे."

आठही दिवे लागत होते, हे खरे होते. कुठली तार तुटलेली नव्हती, कुठली दुसऱ्या जागी गेलेली नव्हती. मी कोड्यात पडलो. मग आर्टिकलने 'पिंग' करून पाहिले. पिंग म्हणजे हाक मारून ओ येते का ते पाहणे. हा छोटा प्रोग्रॅम अमेरिकेतल्या माइक म्यूस ह्यांनी १९८३ साली लिहिला. पाणबुडी शोधताना पाण्यात सोडलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून त्याचे नाव पडले. लहान लहान शंभर हाका मारल्या. शंभरही ओ परत आल्या. मग मोठ्या, चौदाशे अक्षरांच्या, शंभर हाका मारल्या. नऊ हरवल्या.

लहान चिठ्ठी पोचते, मोठे पत्र वाटेत फाटते. आणि सगळे दिवे लागतात. हे कुठेतरी पाहिले आहे, असे मला सारखे वाटू लागले. चहा आला. कप हातात घेतला आणि एकदम आठवले.

१९७८चा पावसाळा. भवानी पेठेतले एक भुसारमालाचे व्यापारी आणि जवळचेच एक डॉक्टर, दोघांची एकच तक्रार. डॉक्टर फोनवर रोग्याला पथ्य सांगत असत, तर मध्येच आवाज येई, "चार पोती आजच उचला!" तिकडे व्यापारी भाव ठरवत असत, तर कुणीतरी बजावी, "तेलकट अगदी बंद." दोन्ही लाइनी तपासल्या तर ठणठणीत. कुठे तुटलेले नाही, कुठे चिकटलेले नाही. आठ दिवस आम्ही खड्डे खणत होतो. शेवटी सापडले ते असे. एका जॉइंटवर जॉइंटरने डॉक्टरांच्या जोडीतली एक तार व्यापाऱ्याच्या जोडीत घातली होती आणि त्याची ह्यांच्या जोडीत. पुढच्या जॉइंटवर दुसऱ्याने तीच उलटापालट करून चूक 'सुधारली' होती. टोकाला सगळे बरोबर. मधल्या दोनशे मीटरांत मात्र डॉक्टरांची एक तार व्यापाऱ्याच्या तारेला मिठी मारून चालली होती. आम्ही ह्याला स्प्लिट पेअर म्हणत असू, फुटलेली जोडी.

जोडीत एवढे काय आहे, असे कुणी विचारील. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून न्याव्या, ही युक्ती खुद्द अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांची. १८८१ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. दोन भावंडे एका छत्रीतून पावसात निघाली आणि वाटभर एकमेकांशी जागा बदलत राहिली, तर घरी पोचेपर्यंत दोघेही सारखेच भिजतात. पीळ घातलेल्या तारांचे तसेच. शेजारून विजेची तार गेली असेल, दुसऱ्याचे बोलणे चालले असेल, तर त्याचा उपद्रव दोघींना सारखाच होतो. आणि पलीकडचे यंत्र दोघींमधला फरक तेवढा पाहते. दोघी सारख्याच भिजल्या तर फरक शून्य, उपद्रव नाहीसा! पण भाऊ एका छत्रीत आणि बहीण शेजाऱ्याच्या छत्रीत असली, तर हा हिशेब कोलमडतो.

मी वायरमनला म्हटले, "तो प्लग जरा उजेडात धर."

कॉम्प्युटरच्या केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार भरीव रंगाची आणि एक त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी. प्रत्येक जोडीचा पीळही कमीजास्त असतो, म्हणजे दोन जोड्यांनी फार वेळ एकमेकींना समांतर चालू नये. पोराने प्लगमध्ये तारा अगदी देखण्या लावल्या होत्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तशाच. कुठल्याही शहाण्या माणसाने असेच लावले असते.

पण ह्या प्लगचा रिवाज असा शहाणा नाही. त्यात पहिली आणि दुसरी तार ही एक जोडी, सातवी आणि आठवी ही एक जोडी, इथपर्यंत ठीक. मधल्या चारांत मात्र चौथी-पाचवी ही जोडी, आणि तिसरीची जोडीदार थेट सहावी! असे वेडेवाकडे का? तर म्हणे टेलिफोनसाठी. मधल्या दोन जागा टेलिफोनच्या लाइनला देण्याची जुनी पद्धत होती. ती न मोडता दुसरी जोडी तिच्या दोन्ही बाजूंना बसवली गेली. म्हणजे बाईंच्या चार महिन्यांच्या हालांचे मूळ माझ्याच खात्याच्या भाऊबंदांनी अडवून ठेवलेल्या मधल्या दोन खुर्च्यांत होते!

आता उलगडा झाला. शंभरच्या वेगाने काम करताना कॉम्प्युटर पहिल्या-दुसऱ्या तारेवरून बोलतो आणि तिसऱ्या-सहाव्या तारेवरून ऐकतो. पोराच्या मांडणीत तिसरी तार हिरव्या जोडीतली आणि सहावी निळ्या जोडीतली. ऐकणाऱ्या दोन तारा दोन वेगळ्या छत्र्यांत. बाजूच्या जोडीवरून चाललेले आपलेच बोलणे कानात शिरणार. तार दोन-चार मीटर असती तर निभले असते. पस्तीस मीटरांत घोटाळा साठत गेला. हजारच्या वेगाला चारही जोड्या लागतात, म्हणून ती बोलणी पहिल्याच फेरीत फिसकटली. आणि टेस्टर विचारतो तो एकच प्रश्न, तार इकडून तिकडे पोचते का? ती कुणाच्या सोबतीने पोचते, हे तो विचारतच नाही.

तरी एक प्रश्न आर्टिकलने विचारला, आणि तो चांगला होता. "मामा, शंभरातल्या नऊच हरवल्या ना? मग वेग नऊ टक्के कमी व्हायला हवा. ऐंशीपट कसा कमी झाला?"

त्याचे उत्तर १९८६ साली कॅलिफोर्नियात घडलेल्या एका गोष्टीत आहे. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ ह्यांत अंतर अवघे ४०० यार्ड. त्यांच्यामधल्या जोडणीवरून सेकंदाला ३२ हजार बिट जात असत, ते त्या ऑक्टोबरात एकदा ४०वर आले. हजार नव्हे, नुसते ४०. गर्दीत निरोप हरवत, हरवले की यंत्रे तेच पुन्हा पाठवत, त्याने गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन नावाच्या संशोधकाने ह्यावर उपाय शोधला आणि १९८८ साली तो मांडला. निरोप हरवला तर समजावे की रस्त्यात गर्दी आहे, आणि आपण होऊन चाल निम्म्यावर आणावी. मग हळूहळू वाढवत न्यावी. जगातले कॉम्प्युटर अजूनही मुळात हीच शिस्त पाळतात, म्हणून तर इंटरनेट चालते. पण ह्या सभ्य यंत्राला गर्दी आणि खड्डा ह्यांतला फरक कळत नाही. बाईंच्या तारेवर गर्दी मुळीच नव्हती, खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला सर्व्हर समजे की पुढे मिरवणूक अडली आहे, आणि थांबून राही. वाट पाही, दोन पावले टाकी, पुन्हा खड्डा, पुन्हा थांबे. रिकाम्या रस्त्यावर विसर्जनाची चाल!

दुरुस्ती सांगण्यासारखी नाही. वायरमनकडे दोन प्लग आणि चिमटा होता. दोन्ही टोकांचे प्लग कापले; तारा लावल्या त्या अशा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचे पीळ अगदी प्लगच्या तोंडापर्यंत ठेवायला सांगितले. प्लग दाबला. आठही दिवे लागले, आधी लागत होते तसेच. कॉम्प्युटरवर आकडा आला १०००. फाइल उतरली बारा सेकंदांत. खर्च दोन प्लगांचा, वीस रुपयांच्या आतबाहेर.

भाचीने ते बारा सेकंद पाहिले आणि ती केबिनमध्ये निघून गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा हातात पोरांना द्यायच्या चौदा फाइलींची यादी होती. ती यादी तिने बाईंसमोरच फाडली. "बाई, ह्या तुमच्याकडेच," एवढेच म्हणाली. बाईंना ती यादी कसली हे कळले की नाही मला माहीत नाही. बावीस वर्षे एका ऑफिसात काढलेल्या बाईला न कळण्याजोगे तिथे फारसे काही नसावे. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तुम्हाला. जागा बदलल्यापासून, म्हणून." भाची खाली बघत "हो" म्हणाली.

बुधवारी २७ तारखेला मी मुद्दाम डोकावलो. बाईंच्या चौदांपैकी अकरा फाइली गेल्या होत्या, उरलेल्या तीन संध्याकाळपर्यंत जाणार होत्या. पण बाई जरा घुश्शातच दिसल्या.

"मामा, तुम्ही माझा चहा बंद केलात. पूर्वी फाइल उघडेपर्यंत सावकाश चहा व्हायचा. आता कप उचलायच्या आत ती समोर हजर!"

तो वायरमनही तिथे आला होता. माझ्याकडून तारांचा रंगक्रम विचारून घेऊन त्याने आपल्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून पेनाने लिहून ठेवला, दोनदा वाचून दाखवला. निघताना मात्र घुटमळला.

"काका, एक सांगायचं होतं. वरच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्या शेजारी क्लास आहे. दोन्हीकडच्या लाइनी मीच टाकल्यात."

"कशा?"

"अशाच. देखण्या."

मी चष्मा पुसला, त्याने पेटी उचलली, आणि आम्ही दोघे जिना चढू लागलो.